आठवं शिसं

"मावशी, जरा पाठमोऱ्या व्हा बघू," मीग्योंग म्हणाली.

"का गं? मुलगी बघायला आलीयेस?" ओकसिमनं च्युइंगगमचा चघळलेला गोळा कानात दाबला. पाणी आत जाऊ नये म्हणून सगळ्याच पाणबुड्या बायका तो दाबत, पण आज तिला मीग्योंगचं बोलणंही आत यायला नको होतं. बुडी खोल जावी म्हणून कमरेच्या पट्ट्यावर तिनं चाळीस वर्षं शिशाचे सात तुकडे बांधले होते. आज मागे, बरोबर मणक्यावर, आठवा होता.

दगडी आडोशात शेकोटी रंगात आली होती. जेजू बेटावरच्या या गावात शेकोटीपाशी कोणी कुठं बसायचं ते ठरलेलं असतं. नवख्यांनी धूर खायचा आणि खोल पाण्यातल्या बायकांनी बिनधुराच्या बाजूला पाय पसरायचे. ओकसिम एकाहत्तरची झाली तरी त्याच बाजूला होती. तिची मैत्रीण दालसून तीन वर्षांपूर्वीच 'आजीच्या पाण्यात' गेली होती. किनाऱ्यालगतचं हे उथळ पाणी गावानं म्हाताऱ्यांसाठी राखलेलं. एखाद्या तरुण बाईनं तिथला शंख जरी उचलला तरी गावात गहजब व्हायचा. ओकसिम मात्र त्या पाण्याला बाळांचा हौद म्हणायची.

खरी गोष्ट अशी होती, की तिचा दम कमी झाला होता. तळाशी पोचेपर्यंतच निम्मा संपायचा. म्हणून तिनं युक्ती काढली: वजन वाढवलं की झटकन खाली, आणि वाचलेला दम कामाला. वर कसं यायचं, हा विचार तिनं सोयीस्करपणे बाजूला ठेवला होता. असलं काही करणाऱ्या पोरींना तिनं जन्मभर शिव्या घातल्या होत्या.

त्या पोरींत मीग्योंगही होती. पंधराव्या वर्षी ओकसिमनंच तिला पाण्यात उतरवलं होतं. तेव्हाच बजावलं होतं: कमरेच्या पट्ट्याची गाठ एका हिसक्यात सुटली पाहिजे. वर आलेल्या शेजारणीची शीळ ऐकल्याशिवाय आपण डोकं बुडवायचं नाही. आणि एकदा वर निघालं, की खाली सोनं दिसलं तरी दिसलं नाही म्हणायचं. आता मीग्योंग बायकांची प्रमुख होती, आणि जिनं हे शिकवलं तिलाच ते कसं सांगावं, हे तिला कळत नव्हतं.

"आज मी तुमच्याजवळच राहणार," ती एवढंच म्हणाली.

"राहा की! काही शिकशील."

वाफ धरू नये म्हणून नागदवण्याच्या पाल्यानं पाणचष्म्याची काच पुसून ओकसिम पाण्यात शिरली. आपला तरंगता नारिंगी भोपळा पुढे ढकलत ती खोल भागात पोचली. भोपळा आता थर्माकोलचा असतो, पण नाव अजून जुनंच. इथं मात्र ती एकाहत्तरची राहिली नाही. गुडघे दुखेनात, कंबर धरेना. दर बुडीनंतर वर येताना कोंडलेला श्वास शीळ होऊन सुटायचा. प्रत्येकीची शीळ वेगळी, आणि ओकसिमची म्हणजे एकसंध, लांबलचक. निदान ती तसं समजत होती. वर्षभर ती मधेच तुटत होती, हे साऱ्या बायकांनी ऐकलं होतं. तिच्या कानात च्युइंगगम होतं.

सातव्या बुडीत ती वर निघाली, आणि तेवढ्यात कपारीत तो शिंपला दिसला. चांगला बशीएवढा. ओकसिम थबकली. एकच क्षण. हात लांब करावा, उचकटावा, संपलं. त्या मोहापायी पाण्यातच घेतल्या जाणाऱ्या श्वासाला इथल्या बायका पाणश्वास म्हणतात, आणि तो कुणीही दुसऱ्यांदा घेत नाही.

तिनं मान फिरवली आणि पाय मारले. पण वर जाता येईना! आठवं शिसं खाली ओढत होतं. छाती पेटली. भीती वाटली, चांगलीच भीती वाटली. मग हातानंच डोकं चालवलं: गाठ, हिसका. पट्टा सुटला आणि ओकसिम बुचासारखी वर उसळली.

तिची शीळ कसली, नुसती घरघर आली. मीग्योंगनं तिला काखेत धरून भोपळ्यावर टेकवलं.

"पट्टा?"

"खाली."

"गाठ सुटली?"

"शिकवलंय कुणी तुला!" ओकसिम धापा टाकत म्हणाली, आणि दोघी रडत रडत हसू लागल्या.

शेकोटीपाशी सगळ्यांची नजर तिच्या रिकाम्या कमरेवर गेली. पट्टा तुटला म्हणाली असती तर कुणी उलट विचारलं नसतं. ओकसिमनं घसा खाकरला.

"आठ तुकडे लावले होते. माझी चूक झाली. तुमच्यातली कुणी असती, तर झोडपून काढली असती." मग बिनधुराच्या जागेवरून उठत म्हणाली, "मीग्योंग, बस इथं. उद्यापासून मी बाळांच्या हौदात."

"आता आठवण झाली होय!" अर्धी बहिरी दालसून ओरडली. "तीन वर्षं एकटीच बडबडतेय मी तिथं. एकही शब्द कुणी ऐकून घेत नाही!"

"मी तरी कुठं ऐकणार आहे?" ओकसिम म्हणाली, आणि हशा पिकला. मीग्योंग तेवढी हसली नाही. मावशींच्या त्या जागेवर ती बसलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीग्योंगनं पट्टा तळातून काढून आणून दिला. ओकसिमनं तुकडे मोजले. मीग्योंगनं उथळ पाण्याला पुरतील एवढे चारच ठेवले होते.

"आणि तिथल्या कपारीतला शिंपला?"

"दिसला. पण तेव्हा मी वर निघाले होते."

ओकसिमनं तिच्या गालावर ओला हात ठेवला. मग दालसूनच्या मागोमाग ती आजीच्या पाण्यात शिरली. तळ हाकेवर होता. घाई नव्हती. दोन शंख उचलले आणि दम शिल्लक असतानाच ती वर आली.

शीळ लांबवर गेली, कुठंही न तुटता. दूर खोल पाण्यात मीग्योंगचा भोपळा थांबला.

"कोण गं ही तरणीताठी?" दालसून कानामागे हात धरत म्हणाली. "आपल्या पाण्यात कोण शिरली?"

"मीच की," ओकसिम म्हणाली, आणि मीग्योंगची शीळ येईपर्यंत डोकं वर धरून थांबली.