हँडलवर बांधलेला ट्रान्झिस्टर

एक कात्री.

सावनेरच्या रस्त्यावर पुढे चाललेला कोळशाचा ट्रक.

"बाप्पा! अशी गाठ तं बैलालेही कोणी बांधत नाई!"

म्हातारीचा उजवा कान.

चहाच्या टपरीवरची माणसं, सगळी माझ्याकडे बघणारी.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सांगतो. मित्रांनो, मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

कारखान्यात कुणीतरी मला फार जपून जोडलं. पोटात एक काळी सळई बसवली. हवेतून येणारा आवाज तीच पकडते. दिसायला लोखंडासारखी, पण तडकते काचेसारखी. वरून कातडी जाकीट घातलं, खांद्याला अडकवायला पट्टा दिला. करणाऱ्यांनी आणखी काय करायचं होतं?

१९६८ साली मला शालिकरामने घेतलं. घराणं हातमागवाल्या कोष्ट्यांचं. तो मात्र नागपुरात, गांधीबागेच्या कापडबाजारात लुगड्यांची दलाली करायचा. त्याची बायको चंद्रकला मला रोज कोरड्या फडक्याने पुसायची. सकाळी भजनं, संध्याकाळी बाजारभाव. शेजारी म्हणायचे, काय गोड आवाज आहे! त्या दिवसांवर माझा राग नाही.

राग पुढचा आहे.

शालिकरामची बहीण प्रेमलता नागपूर केंद्रावर गाणार होती. दुपारी, बायकांच्या कार्यक्रमात. गाणं तिच्या आईचं होतं. मैनाबाई जन्मभर मागाजवळ बसून सुताच्या कांड्या भरत आणि हात चालता चालता ते म्हणत. त्याला गाणं म्हणून कुणी मोजलंच नव्हतं. आता त्या सावनेरला थोरल्या मुलाकडे खाटेला खिळल्या होत्या. डावा कान गेलेला. गल्लीत कुणाकडे रेडिओ नाही. आपलं गाणं आकाशवाणीवर लागतं हे स्वतःच्या कानाने ऐकायचं, एवढंच त्यांनी मागितलं होतं. म्हणून मला मोटारसायकलवरून सावनेरला न्यायचं ठरलं.

पण गाडीवर ठेवायचं कुठे?

"टाकीवर ठेव गा," शालिकरामचा दोस्त गिरिधर म्हणाला.

"टाकी तापते ना बे."

"मंग मागं कॅरिअरले बांध."

"मागं कोणाले दिसते?"

"गळ्यात अडकव. पट्टा कायले देला?"

"म्हशीच्या घंटीवानी?" शालिकराम हसला. "हँडलवर बांधतो. दिव्याच्या वर, तोंड समोर. साऱ्या गांधीबागेले आयकू गेलं पायजे."

"अन् पडला म्हंजे?"

"पडन कसा? कोष्ट्याची गाठ हाय!"

त्याने जाड सुताचा दोर वळला आणि मला हँडलच्या नळीवर करकचून आवळलं. खाली ना चिंधी, ना गादी. मागावर सूत ताणूनच बांधावं लागतं, ढील राहिली की कापड बिघडतं. तोच नियम त्याने मला लावला. गाठ बघून गिरिधर ते बैलाचं बोलला आणि दोघेही खूश झाले.

मित्रांनो, मी काय कापड आहे?

आवाज पूर्ण वर करून आम्ही निघालो. टपरीवर तो चहासाठी थांबला नव्हता, लोकांनी बघावं म्हणून थांबला होता. पुढे कोळशाच्या ट्रकमागून खड्डे सुरू झाले. गाठ केसभरही हलली नाही. हलली असती तर बरं होतं. प्रत्येक हादरा सरळ माझ्या पोटात आला. सळई तडकली, मग तिचे दोन तुकडे झाले. माझा आवाज बसला आणि त्याला वाटलं, ट्रकच्या गोंगाटात ऐकू येत नसेल.

सावनेरला गाठ सुटेना. कात्रीने दोर कापावा लागला.

"रस्त्यानं साऱ्यायले आयकवत आणला, माय!" म्हणत त्याने मला उशीजवळ ठेवलं. मैनाबाईंनी उजवा कान माझ्याकडे केला.

फर्रर्र.

शालिकरामने मला थापट मारली. मग आणखी एक. उलटा धरून झटकलं.

"वाजून काहून नाई राहिला बे!"

"प्रेमी आली का गा?" मैनाबाईंनी विचारलं.

"थांब ना माय, येऊन राहिली."

ती आली होती. त्या फरफरीच्या खूप आत, सुताच्या एका धाग्याएवढा तिचा आवाज मला लागत होता. मला गाणं ऐकू येत होतं. मला ते बाहेर देता येत नव्हतं. याहून वाईट रेडिओचं काय होऊ शकतं?

"झालं?"

"झालं, माय."

"रस्त्याच्या लोकायले गाणे," मैनाबाई म्हणाल्या, "अन् मले फरफर?"

त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. चांगला कान उशीत गेला.

प्रेमलताचा पुढचा कार्यक्रम लागला तेव्हा मैनाबाई नव्हत्या. माझ्यात नवी सळई बसवली, पण शालिकरामला माझ्याकडे बघवेना. कपाटावर पडून राहिलो. सेल फुटून आतली पट्टी गंजली.

मित्रांनो, वस्तू सांभाळा असं गोडीत सांगायला मला जमणार नाही. ती कुठे उठून दिसेल हे बघण्याआधी, तिला कुठे हादरा बसणार नाही हे बघा. आणि कुणासाठी नेताय ते ध्यानात ठेवा. एवढं करूनही तुमच्याच हौसेपायी ती मोडली, तर निदान तिला मारू नका.

त्या दिवशी सावनेरला निघताना चंद्रकला मला मांडीवर घेऊन मागे बसायला तयार होती. मागची सीट सावनेरपर्यंत रिकामी गेली.