वळणावरचा थांबा

“मधलं पान आधी,” असं म्हणत आक्काने ‘नगरवार्ता’ बरोबर मधोमध उघडली.

पहिलं पान तिने आजवर कधीच आधी वाचलं नव्हतं. पहिल्या पानावर नगराध्यक्ष कशाची तरी फीत कापत असत. शेवटच्या पानावर हिवाळ्याचा उपदेश असे: कान झाका, शेगडी पेटवून खिडक्या लावून झोपू नका, शेजारच्या वृद्धांची विचारपूस करा. खरी मेख असायची मधे, अंदाजपत्रकाच्या तक्त्याखाली, बारीक टायपात. आक्काला हे ठाऊक असायला ज्योतिष लागत नव्हतं. ती मेख मारणारा तिच्यासमोरच बसून चहा पीत होता.

तो तिचा धाकटा भाऊ. नगरपालिकेच्या जनसंपर्क विभागात कारकून. दर महिन्याला घरोघर टाकली जाणारी ही चार पानी पत्रिका तोच लिहायचा. बस बंद झाली की तो ‘फेऱ्यांचे सुसूत्रीकरण’ लिही. कर वाढला की ‘सेवाशुल्काची फेररचना’. रस्ता वर्षभर उखडून पडला असेल तर ‘काम प्रगतिपथावर’. खोटं एकही अक्षर नाही, आणि खरं शोधायला गेलं तर हाताला काही लागायचं नाही, असा हा हातखंडा. ‘नागरिकांना कळविण्यात येते’ या त्याच्या ठरलेल्या सुरुवातीवरून वस्तीने त्याचं नाव कळवेसाहेब ठेवलं होतं. त्याचं खरं आडनाव टपालवाल्याशिवाय कोणी घेत नसे.

“‘नागरिकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने,’” आक्का मोठ्याने वाचू लागली, “‘वळणावरील बसथांबा तात्पुरत्या स्वरूपात पंपघराजवळ हलविण्यात येत आहे. किंचित गैरसोयीबद्दल दिलगिरी.’” तिने चष्मा काढला. “कोणाला हवीय रे ती जागा?”

“कोणाला नाही गं.”

“धाकट्या, सुरक्षितता, तात्पुरतं आणि दिलगिरी. तिन्ही शब्द एका दमात? म्हणजे जागा मोठी दिसतेय.”

“आक्का, खरंच घसरतं तिथे.”

“बाजारातल्या थांब्यापाशीही घसरत होतं. तूच लिहिलं होतंस. थांबा हलला, महिन्याभरात तिथे लॉजचं फाटक उघडलं. आता तिथे कोणी घसरत नाही. मोटारीतूनच उतरतात सगळे.”

त्याने कपात पाहिलं. कप रिकामा होता.

खरं म्हणजे त्यालाही आधी हाच संशय आला होता. रस्ते विभागातला अभियंता चिखलाच्या बुटांनिशी त्याच्या टेबलापाशी आला तेव्हा त्याने सवयीप्रमाणे विचारलं होतं, “साहेब, लिहायचं नाही ते कारण आधी सांगा. मग लिहायचं काय ते मी बघतो.”

अभियंता गोंधळला. “अहो, घसरतं तिथे. टेकाडातून पाणी झिरपतं, रात्री गोठतं. वाळू टाकली तर सकाळपर्यंत वाहून जाते. दुसरं काय कारण असणार?”

“ते झालं. पण खरं?”

“हेच खरं!”

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला असं कारण कोणी दिलं नव्हतं. म्हणून तो दुसऱ्या दिवशी उजाडताना स्वतःच वळणावर गेला. थांब्याचा लोखंडी कठडा आत वाकला होता आणि वाकल्या जागी पांढरा रंग घासला गेला होता. तो बघायला एक पाऊल पुढे टाकलं आणि नगरपालिकेचा अनुभवी कारकून रस्त्याच्या मधोमध बसला. समोरच्या सायकलवाल्याने दुकानाची फळी काढता काढता त्याला हात देऊन उठवलं. “दुधाची गाडी होती. भोवऱ्यासारखी फिरली. थांब्यावर तेव्हा कोणी नव्हतं म्हणून, नाहीतर...” एवढं बोलून तो फळ्या काढायला गेला.

त्या दिवशी भावाने आयुष्यात पहिल्यांदा सरळ मजकूर लिहिला: ‘वळणावर उभे राहू नका. गाडी घसरून अंगावर येईल.’ विभागप्रमुखांनी तो वाचला आणि दुखरा दात दाबावा तसा चेहरा केला. “नागरिकांना घाबरवायचं नसतं हो. आणि उद्या कोणी विचारलं, की माहीत होतं तर पाण्याचा बंदोबस्त का केला नाही, मग?” त्यांनी पेन फिरवलं. सुरक्षितता, तात्पुरतं, दिलगिरी. म्हणजे त्याचीच शैली त्यांनी त्याला परत दिली. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात सभा भरली. सभा म्हणजे जो वर चढत होता तो थांबला आणि जो उतरत होता त्याने पिशवी खाली ठेवली. आक्का तिसऱ्या पायरीवर बसली होती. इस्पितळात चादरी-उशांच्या खोलीत फाटक्या चादरी शिवायचं तिचं काम. पहाटेची बस तिला वळणावरून मिळायची. पंपघर चढावर, आणि गुडघ्यांनी तिला आधीच नोटीस दिली होती.

“थांबा म्हणजे काय?” कंपाउंडर विचारत होता. औषधाच्या पुड्या बांधता बांधता त्याला प्रत्येक गोष्टीची व्याख्या करायची खोड लागली होती. “खांब नव्हे. पाटी नव्हे. माणसं उभी राहतात, तो थांबा. माणसं हलली की थांबा गेला.”

“मग हलायचंच नाही,” आक्का म्हणाली.

“बरोबर. उलट जास्त माणसं उभी करू. ज्यांना बस पकडायची नाही तेही येतील.”

“मला नऊला दुकान उघडायचंय,” शिंपी कुरकुरला.

“पहाटे काय करतोस? घोरतोसच ना? उभ्याने घोर.”

जिना हसला. त्या हशात वरून उतरणाऱ्या भावाला कोणीतरी पाहिलं.

“या, कळवेसाहेब! आम्हाला कळवायला आलात की आमचं कळवायला निघालात?”

“ऐका जरा,” तो म्हणाला. “मी स्वतः बघून आलोय. मी पडलो तिथे.”

“पडलात? कुठे लागलं? दाखवा.”

“आता कसं दाखवणार!”

“पुरावा बसायच्या जागीच आहे म्हणा की,” कंपाउंडर म्हणाला आणि जिना पुन्हा हसला. तो हशा ओसरल्यावर शिंपी शांतपणे म्हणाला, “बाजारच्या थांब्याच्या वेळीही तुम्ही असेच काकुळतीला आला होतात. माझं दुकान होतं तिथे.”

भावाने आक्काकडे पाहिलं. तिने मान दुसरीकडे वळवली. आई गेल्यावर तिनेच त्याला शिकवलं होतं, तिच्याच शिवणाच्या पैशांतून तो टायपिंगच्या वर्गाला गेला होता. जगातल्या प्रत्येक कागदावर संशय घेणारी ही बाई त्याच्या तोंडच्या शब्दावर मात्र आजवर विश्वास ठेवत आली होती. आज पहिल्यांदाच तिने तोंडचा शब्द आणि कागद एकाच फडताळात टाकले.

“तू खोटं बोलतोयस असं नाही म्हणत मी,” सगळे पांगल्यावर ती म्हणाली. “तुला खरं सांगितलंय कोणी, असं कशावरून?”

“मी डोळ्यांनी बघितलं.”

“दाखवतात तेच बघतो आपण.”

रात्री त्याला झोप लागेना. त्याने हिशेब मांडून पाहिला. बसचा ड्रायव्हर थांबणार पंपघराशी, त्याला तसा हुकूम. पण वळणावर एवढी माणसं हात करताना दिसली की तो पाय दाबणार. रोज भेटणारी माणसं, दाबणारच. आणि तिथे ब्रेक दाबायचाच नव्हता. म्हणजे त्याने माणसं हलावीत म्हणून लिहिलं आणि त्याच लिहिण्याने तिथे दुप्पट माणसं जमणार होती. आजवर बेमालूम लिहिलेल्या प्रत्येक ओळीची वसुली एकदम निघाली होती, आणि ती निघणार होती आक्काच्या अंगावर.

पहाटे धुकं इतकं दाट होतं की वळणावरचा दिवा नुसता पिवळा डाग दिसत होता. थांब्यावर खरंच गर्दी होती. बस न पकडणारे बस पकडणाऱ्यांपेक्षा उत्साहाने उभे होते. कंपाउंडर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत शालीत. शिंपी डोळे मिटून. आक्का कठड्याच्या टोकाशी, सगळ्यांत पुढे, एका हातात डब्याची पिशवी.

“आले, आले! साहेबांनी पाठवलं का?”

“कोणी पाठवलं नाही.”

“मग? आम्हाला उठवायला?”

“नाही. तुमच्यात उभा राहायला,” तो म्हणाला. गर्दीतून वाट काढत तो कठड्याच्या बाजूने पुढे गेला आणि आक्काच्या समोर पदपथावरून खाली, रस्त्यावर उतरला. पायाखाली काचेसारखा थर कुरकुरला. त्याने एका हाताने कठडा धरला.

“वर ये,” आक्का म्हणाली.

“का?”

“खाली कशाला उभा राहतोस? वर जागा आहे.”

“इथे काय वाईट आहे?”

“वर ये म्हणते ना. गाडी येईल.”

“येऊ दे की. रस्ता चांगला आहे, असं काल जिन्यात ठरलं ना सर्वानुमते.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आक्काचा आवाज एकदम चढला. तो लहानपणी विहिरीच्या कडेला गेला होता तेव्हा चढला होता तसा.

“धाकट्या, माझ्याशी हुशारी करायची नाही. घसरशील! वर ये!”

ते बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे तिचं तिला कळलं. आजूबाजूच्यांनाही कळलं. कंपाउंडरने शाल सावरली. शिंप्याने डोळे उघडले.

तेवढ्यात धुक्यात दोन दिवे आले. बस हळू येत होती. ड्रायव्हरने गर्दी पाहिली, कोणाचा तरी हात वर गेलेला पाहिला आणि सवयीने पाय दाबला. पुढची चाकं थांबल्यासारखी झाली, मागची थांबली नाहीत. जड कपाट कोणी भिंतीकडे सरकवावं तशी बसची मागची बाजू आवाज न करता थांब्याकडे सरकत आली. भाऊ बघतच राहिला. इतकं सगळं इतकं लगेच होईल असं त्याने धरलं नव्हतं. आक्काने पिशवी टाकली, दोन्ही हातांनी त्याच्या मफलरला धरलं आणि त्याला ओढून वर घेतलं. दोघंही मागच्या माणसांवर कोसळली. बसचा कोपरा कठड्याला चाटून गेला आणि थबकला.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. तो पांढरा पडला होता. “मरायचंय का सगळ्यांना? थांबा पुढे आहे, पुढे!” मग त्याने मुंगीच्या चालीने बस सरळ केली आणि पंपघराकडे नेली.

भावाचे दात वाजत होते आणि ते थंडीने नव्हेत हे तो कोणाला सांगणार नव्हता. आक्काने मफलर सोडला. त्याला एक जोरदार चापट मारली, पन्नाशीच्या माणसाला, सगळ्यांसमोर. मग डब्याची पिशवी उचलून झटकली आणि कठड्याला हात न लावता चढाच्या दिशेने चालू लागली.

एक एक करत माणसं तिच्या मागे निघाली.

“आपण गेलो की थांबा गेला बरं का!” कंपाउंडर मागून ओरडला. “ही जागा पुन्हा मिळायची नाही!”

“नाही तर नाही,” आक्का वळून न बघता म्हणाली.

हिवाळा सरला. टेकाडातलं पाणी आटलं, वळणावरचा रस्ता कोरडा ठणठणीत झाला. एका दुपारी विभागप्रमुखांनी नव्या अंकाचा मजकूर भावाच्या टेबलावर ठेवला. अंदाजपत्रकात उत्पन्नवाढीच्या सदराखाली वळणावरची मोकळी झालेली जागा एका जाहिरात कंपनीला दीर्घ मुदतीने भाड्याने देण्यात आली होती. ‘नागरिकांनी दिलेल्या सहकार्याबद्दल आभार’ हे वाक्य तेवढं त्याने घालायचं होतं. हे ठरवलं कधी, असं त्याने विचारलं. निदान घसरण्याच्या आधी नाही, असं विभागप्रमुख म्हणाले. भावाने त्यांच्याकडे पाहिलं. ते खरं होतं की नाही, हे त्याला ओळखता आलं नाही. कदाचित त्यांनाही येत नसेल.

त्याने वाक्य घातलं. मजकूर टाइप केला. पण तो छापखान्यात जायच्या आधी संध्याकाळी तो आक्काकडे गेला. ती खिडकीपाशी बसून उशीचा अभ्रा उसवत होती.

“आक्का, थांबा परत येणार नाही. ती जागा भाड्याने दिली. मोठा फलक लागणार आहे तिथे.”

“माहीत होतं.”

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कोण लागतं? त्या पहाटे सोडला तेव्हाच माहीत होतं.”

“मग सोडलास कशाला?”

तिने दोरा दाताने तोडला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा शिकला तो सगळा खर्च पाण्यात गेला.

“तू खाली उभा होतास ना,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच तिच्या दारात हजर झाला. तिने दाराला कुलूप लावलं. दोघं वळणापाशी आली तेव्हा तिथे फलकासाठी खड्डे खणून ठेवले होते आणि वाकलेला कठडा उपटून बाजूला टाकला होता. आक्का त्याला वळसा घालून पुढे गेली. चढावर तिने एकदा थांबून गुडघा दाबला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“आण इकडे पिशवी.”

“राहू दे,” ती म्हणाली. “सवय करायला हवी.” आणि पुन्हा चढू लागली. तो तिच्या रस्त्याकडच्या बाजूने, मोकळ्या हातांनी, चालत राहिला.