शेंदूर लागलेला पायपंप

मी एक पायपंप आहे. निदान कारखान्यातून निघालो तेव्हा मला तसंच सांगण्यात आलं होतं. पुढे कोणी मला देव म्हणालं, कोणी प्रकल्प म्हणालं, कोणी यशोगाथा. मी मात्र तोच. लोखंडाची दोन नळकांडी, त्यांत दोन दट्टे, आणि वर पाय ठेवायच्या बांबूच्या दोन दांड्या. इतकी वर्षं झाली तरी मी नक्की कोण, याचा मला उलगडा झालेला नाही. माझी हकिगत ऐकून तुम्हाला झाला, तर सांगा.

माझा जन्म मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साल २००२, दिवाळी नुकतीच उरकली होती. मला घडवलं ओमकारनं. हा आसनगावचा, भातशेतीवाल्या घरातला मुलगा. इंजिनियर झाला, ठाण्यात चांगल्या नोकरीला लागला आणि एक दिवस ती सोडून या शेडमध्ये येऊन बसला. त्याचं म्हणणं सरळ होतं. वीज नको, डिझेल नको. बाईनं दोन दांड्यांवर उभं राहायचं, जिना चढल्यासारखे पाय टाकायचे, की ओढ्याचं पाणी आपोआप वर मळ्यात.

"तुझा जन्मच मुळी पायाखाली येण्यासाठी आहे," माझ्या अंगावर तांबडा प्रायमर मारताना तो म्हणाला होता. ते मी मनात पक्कं धरलं. माझ्या मनातला पुढचा सगळा घोटाळा त्या धरण्यातूनच झाला.

ओमकारच्या पाठीशी एक फंड होता. परदेशातल्या श्रीमंत माणसांनी काढलेला. गरीब देशांतल्या खेड्यांत यंत्रं पोचवायची, त्यातून गावंही सुधारतील आणि गुंतवलेलं वायाही जाणार नाही, असा त्यांचा विश्वास. विश्वास वाईट नव्हता. पण ज्यांच्यावर तो ठेवायचा त्यांना दोन शब्द विचारावेत, एवढी सवड त्यांच्यापैकी कोणाला नव्हती.

मला नेलं तानसा तलावाच्या खालच्या अंगाच्या एका वाडीवर. तलावाचं पाणी माणसाच्या उंचीच्या नळांतून मुंबईला जातं. वाडीतल्या बायका त्याच नळाच्या कडेनं, डोक्यावर हंडा घेऊन, खाली ओढ्यावर पाण्याला जातात. याचं तिथं कोणाला नवल वाटत नाही. मला वाटलं, पण मी नवा होतो.

ओढ्याच्या काठावर रखमीचा मळा होता. भेंडी आणि काकडीचे चार वाफे. मला मळ्याच्या खाली, ओढ्याच्या कडेला रोवलं. रखमी आणि तिचा नवरा कमळू दर वर्षी भात झोडून झालं की भिवंडीकडे वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. मागं झोपडीत कमळूची म्हातारी आई, बाळी, एकटी राही. शेजारीपाजारी भाकरी देत. आदल्या वर्षी दोघं परत आली तेव्हा बाळीनं रखमीकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तू कोणाची गो?"

त्या दिवशी रखमीनं ठरवलं, आता भट्टीवर जायचं नाही. पण घरी बसून खायचं काय? मळा होळीपर्यंत जगला, तर भेंडीवर घर चालणार होतं. मळा जळला, तर पुन्हा भट्टी. आणि ओढ्यापासून मळ्यापर्यंतचा चढ हंड्यानं किती शिंपणार? म्हणून ती माझी वाट बघत होती. हे मला कोणी सांगितलं नाही. मला गाडीतून उतरवताना ती ज्या नजरेनं माझ्या दांड्यांकडे बघत होती, त्यावरून मी समजलो.

उद्घाटनाला फंडाच्या मॅडम आल्या. पांढऱ्या गाडीतून, सोबत कॅमेरेवाला. मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे नव्या वस्तूचं जे काही करतात ते सगळं करा, आमच्यासाठी म्हणून काही गाळू नका. नारळ होता, हार होता. हळदकुंकू आसनगावलाच राहिलं होतं. ओमकारनं नामा ड्रायव्हरला पिटाळलं. नामा रस्त्याकडेच्या मारुतीच्या देवळात गेला आणि तेलात कालवलेला शेंदूर वाटीभर घेऊन आला.

आसनगावच्या पोरानं इथं थांबायला हवं होतं. त्याची आई तिथं असती, तर तिनं वाटी हातातून काढून घेतली असती. पण कॅमेरा लागला होता आणि मॅडमना उशीर होत होता. ओमकारनं माझ्या कपाळावर, म्हणजे दोन नळकांड्यांच्या मधल्या पट्टीवर, शेंदूर फासला. मॅडमना उत्साह आला. त्यांनीही वाटीत बोटं बुडवली आणि दोन नळकांड्यांवर एकेक ठसठशीत ठिपका दिला. बरोबर डोळ्यांच्या जागी.

टाळ्या झाल्या. ओमकारनं स्वतः चढून पाणी काढून दाखवलं. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मॅडमना वाटलं, लाजल्या.

गाडी गेली आणि वाडी माझ्यापुढे उभी राहिली. मग बाळी काठी टेकत पुढं आली, माझ्या दोन डोळ्यांत डोळे घालून तिनं मला निरखलं आणि हात जोडले.

"शेंदूर लागला," ती म्हणाली. "आता याला पाय लावायचा नाय."

"अगो आये, पायानंच चालतो तो," कमळू म्हणाला. "दसऱ्याला नांगराची पूजा करतव, मंग नांगर चालवतव ना?"

"नांगराला हळदकुंकू लावतात. शेंदूर लावतात का रे?"

"तो साहेब चढला की."

"तो चढला नि गाडीत बसून गेला. कोप झाला तर देव त्याच्या मागं आसनगावला जाईल का? इथंच वाडीत फिरंल."

बाळीला आपली सून ओळखू येत नव्हती, पण शेंदूर ओळखू येत होता. "पुसून टाकू?" रखमीनं हळूच विचारलं, तर धोंडूबाई नावाची शेजारीण म्हणाली, "पुस. पहिली तू पुस. आमी लांबून बगतव."

कोणी पुसला नाही.

मग माझे विचित्र दिवस सुरू झाले. रोज सकाळी रखमी हंडा घेऊन ओढ्यावर येई, आधी तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावर ओती, हात जोडी आणि मग भरलेला हंडा कमरेवर घेऊन चढ चढू लागे. माझ्या शेजारून. ज्या कामासाठी मला आणलं, ते काम ती माझ्या पाया पडून स्वतः करत होती. मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, हात नको, पाय दे. पण देवाला बोलता येत नाही, आणि पंपालाही नाही.

ओमकार पंधरा दिवसांनी आला. मी कोरडा ठाक नाही, स्वच्छ आहे, हार वाळलेला आहे, हे त्यानं बघितलं. बांबूवर पायाची एकही खूण नाही, हेही बघितलं.

"चालवत नाही का?" त्यानं विचारलं.

"चालवू ना," रखमी म्हणाली.

"जड जातो?"

"नाय."

"मग?"

"चालवू."

पाहुण्याला तोंडावर 'तुझं चुकलं' म्हणायची त्या वाडीत रीत नाही. ओमकारच्या हातात फंडानं दिलेला छापील कागद होता. वापर कमी असल्यास कारण: पंप जड, पंप नादुरुस्त, पाणी नाही, इतर. 'इतर'पुढे बोटभर जागा. ओमकारनं बराच वेळ पेन तोंडात धरलं, मग 'जड' वर खूण केली आणि पान्यानं माझ्या दांड्या दोन इंच खाली घेतल्या. पुढच्या खेपेला पुन्हा वर घेतल्या. तो बिचारा माझ्या पोटात दोष शोधत होता. दोष कपाळावर होता आणि तो त्यानंच लावला होता.

माघ सरला. मळ्याचा खालचा वाफा तेवढा हिरवा राहिला होता. वरचे तीन पिवळे पडले. चढावर हंडा पोचता पोचत नव्हता. मॅडम पुन्हा येऊन गेल्या. सगळ्या बायका माझ्यापुढे ओळीनं हात जोडून उभ्या राहिल्या. मॅडम गहिवरल्या. लोकांनी पंप किती आपलासा केला आहे, असं त्या इंग्रजीत कॅमेरेवाल्याला सांगत होत्या. मागे मळा वाळत होता. फोटोत तो आला नाही.

त्याच आठवड्यात कमळू बोलला. "पुढल्या सोमवारी भट्टीचा टेम्पो येतोय. कोंडू मुकादमानं विचारलंय."

रखमी हंडा उचलून ओढ्याकडे निघाली. कमळूनं झोपडीच्या कुडात खोवलेल्या आपल्या कातडी वहाणा काढल्या, ओढ्यावर आणल्या आणि तेल लावून माझ्याजवळच्या दगडावर वाळत ठेवल्या. भट्टीवर जळकी माती तापते, तिथं रबरी चप्पल टिकत नाही. त्या वहाणा भट्टीच्याच होत्या. वर्षातले सहा महिने पायात, सहा महिने कुडात.

रविवारी सकाळी रखमी चढावर हंडा ओतत होती. बाळी काठी टेकत एकटीच ओढ्यावर उतरली. माझ्यापुढे थांबली. त्या दिवशी तिला माझा शेंदूर दिसलाच नाही, कोण जाणे काय दिसत होतं. तिनं काठी टाकली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, हाताच्या आधाराचा बांबू धरला आणि माझ्या दांड्यांवर चढली.

"आवण सुकलं," ती स्वतःशीच म्हणाली. "चिखल कोण करणार? सगळी निजलीत."

आवण म्हणजे भाताची रोपं. तिच्या मनात आषाढ चालू होता. ती लावणीचा चिखल तुडवत होती. डावा पाय, उजवा पाय. ओमकारनंतर चार महिन्यांत माझ्यावर पडलेला तो पहिला पाय. रोज डोक्यावर ओतलेलं पाणी नळकांड्यांत उतरून माझ्या दट्ट्यांचं चामडं ओलंच राहिलं होतं. भक्तीनं मला नकळत कामाला तयार ठेवलं होतं. तोटीतून आधी हवा आली, मग गढूळ थुंकी, मग पाणी. तोटीला जोडलेल्या नळीतून चढ चढून ते रखमीच्या पायापर्यंत गेलं.

रखमी धावत खाली आली आणि जागीच थांबली. सासूला खेचून उतरवावं, की काय करावं? धोंडूबाईही हंडा धरून काठावर उभी राहिली.

"आये, उतर गो," रखमी म्हणाली.

"बगतेस काय उभी?" बाळी म्हणाली. "ये की. एकटीनं किती तुडवू?"

रखमीनं माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात आधी माझ्या शेंदरावर ठेवले, मग आपल्या कपाळाला लावले, आणि पुटपुटली, "पाय लागतो, माफ कर." ती चढली. सासू पुढं, सून मागं. वरच्या वाफ्यात पाणी पोचलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

सोमवारी टेम्पो आला. कमळू म्हणाला, आठ दिवस बघू. देव कोपतो का, ते बघायचं होतं. आठ दिवसांत वाडीत कोणाला ताप आला नाही, कोंबडं मेलं नाही. भेंडीला फूल आलं. नवव्या दिवशी धोंडूबाई आली, माझ्या पाया पडली आणि चढली. "आमी तर पहिल्यापासून म्हणत होतो," ती म्हणाली.

तेव्हापासून वाडीत रीत पडली. आधी हात, मग पाय. बाळी रोज यायची. रखमीला ती एरवी ओळखत नसे, पण दांडीवर चढली की शेजारणींना सांगे, "ही माझी रखमी. पाय बरा टाकते." वैशाखात ती गेली, आपल्या झोपडीत, रखमीच्या मांडीवर.

ओमकार आला, मी चालताना बघून हरखला. या खेपेला रखमीनं त्याला सगळं सांगितलं. तो दगडावर बसला, कपाळ धरलं. कागदावरच्या बोटभर जागेत त्यानं बारीक अक्षरात शेंदराची गोष्ट लिहिली. मोठ्या ऑफिसातून छापून आलं ते असं: दांड्यांची उंची दोन इंचांनी बदलल्यामुळे वापर वाढला. माझा फोटोही होता, बायका हात जोडून उभ्या असलेला.

मग फंडाला तीनशे गावं हवी झाली. तीनशे पंप रोवले. नंतर मोबाईलचे दिवस आले आणि फंड तिकडे वळला. ओमकार आता त्याच शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. माझ्या दट्ट्यांना लागणाऱ्या चामड्याच्या वाट्या करणं बंद झालं. रोवला त्या दिवशी पंप मोजला जातो. चामडं झिजतं त्या दिवशी मोजायला कोणी येत नाही.

२००७ च्या पौषात माझा एक दट्टा पाणी सोडू लागला. कमळू मुरबाडला गेला, धसईच्या बाजारात फिरला, हात हलवत परत आला. संध्याकाळी कुडातली उजव्या पायाची वहाण काढून तो माझ्याजवळ बसला. सुरीनं तिचा गोल तुकडा कापला, तेलात भिजवला, वाटीसारखा दाबला आणि माझ्या पोटात बसवला.

धोंडूबाई म्हणाली, "देवाच्या पोटात वहाण घालतोस रे?"

"पाय चालतो, तर वहाण का नाय चालणार?" कमळू म्हणाला.

मी तेव्हापासून त्या वहाणेवर चालतो आहे. कपाळाला शेंदूर, पोटात वहाण. मी देव आहे की यंत्र, हे विचारणं मी आता सोडलंय. दुसरीच काळजी लागली आहे. उजवी झिजत आली आहे. डावी कुडात आहे, ती आणखी दोन वर्षं पुरेल. पुढं कमळूला नवी जोडी घ्यावी लागेल. ती तो माझ्यासाठी कापेल, की पायात घालून टेम्पोत चढेल, हे मला सांगता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी मुरबाडकडून तानसाला येणार असाल, तर हार आणू नका. चामड्याच्या दोन वाट्या आणा. आणि येताना रखमीला विचारा, की आणखी काय लागतं. तिला अजून कोणी ते विचारलेलं नाही.