निरोगी म्हणून दिलेलं रक्त

मानसिक आजारांवर संशोधन करणाऱ्या त्या लॅबमध्ये तुलनेसाठी लागणाऱ्या निरोगी रक्ताचा कायमचा दुष्काळ. आजारी माणसांच्या घरचे बिचारे मुकाट हात पुढे करतात, पण धडधाकट माणूस सुई बघितली की पळ काढतो. मग नमुने कमी पडले की लॅबवाल्यांनीच बाह्या वर करायच्या, अशी तिथली रीत. रक्त काढणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. तिनेही बाही वर केली होती. "घरात कुणाला मानसिक आजार?" असं विचारलं, तेव्हा "छे हो, कुणालाच नाही," म्हणून ती पुढच्या नळीला लेबल लावायला लागली.

छे कसलं! साफ खोटं होतं ते. तिच्या आईला स्किझोफ्रेनिया होता. भिंतीमागून माणसं शिव्या देतात म्हणून ती माउली दिवसभर कानात बोळे घालून बसायची. बाहेर सांगायचं मात्र अर्धशिशी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वडील म्हणायचे. आई गेली, वडील गेले, तरी ताईने ती मूठ उघडली नव्हती. नवऱ्यालाही पत्ता नव्हता, तिथे लॅबला कुठून असणार?

आणि आज लॅबचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, डोक्याला हात लावून बसले होते.

"गेलं सगळं पाण्यात," सर म्हणाले.

झालं होतं असं. स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांमध्ये एका जनुकात एकच दुर्मिळ बिघाड सापडला होता. निरोगी लोकांत तो कुठेच दिसत नव्हता, म्हणून सगळी लॅब हुरळली होती. आता निरोगी नमुन्यांची शेवटची खेप तपासली, तर एकात तोच बिघाड हजर.

"ठणठणीत बाई आहे, घरातही कुणी आजारी नाही," संगणकावर बसणारा गडी म्हणाला. "म्हणजे हे जनुक साव निघालं, सर. चोर दुसराच कुणीतरी."

पडद्यावर नुसता नमुन्याचा क्रमांक होता, नाव नव्हतं. पण तो क्रमांक ताईने स्वतःच्या हाताने स्वतःच्याच नळीवर चिकटवला होता. तिने तो पुन्हा एकदा वाचला.

स्वतःची भीती नव्हती तिला. हा आजार बहुधा तरुणपणी डोकं वर काढतो, आणि तिची पन्नाशी उलटली होती. भीती होती लेकीची. चिमणी कॉलेजात होती. हल्ली तिच्या खोलीचं दार बंद असायचं, ताटात अर्धं जेवण तसंच राहायचं. अभ्यासाचा ताण, दुसरं काय, असं ताई मनाला समजवायची.

आणि बघा, गप्प बसणं किती सोपं होतं! तोंड उघडलं नाही की जनुक निर्दोष, लेक सुखरूप. पण रक्ताला कधी थापा कळतात? जे आत असेल ते असणारच. शिवाय सरांनी हा धागा एकदा सोडला की परत कोण हातात घेणार? रुग्णांच्या ज्या आया आशेने विचारायच्या, 'ताई, काही सापडलं का हो?' त्यांना ती काय तोंड दाखवणार होती? सगळी दुपार तिने घाबरत घाबरत काढली आणि शेवटी सरांच्या खोलीत शिरली.

"सर, तो नमुना माझा आहे. माझ्या आईला हाच आजार होता. मी खोटं बोलले."

सर ओरडतील म्हणून तिने मान खाली घातली. सर उलट ताडकन उठले. "अहो ताई, मग साव कसलं! बिघाड आईकडूनच आला असणार, हा तर पुरावाच झाला की!" त्यांचा चेहरा फुलला, आणि बोलता बोलताच पडला. "तुम्हाला मुलगी आहे ना?"

ताईने मान डोलावली.

"तिच्यात तो उतरलाच असेल असं नाही. आणि उतरला तरी आजार होतोच असं नाही. तुम्हीच समोर उभ्या आहात."

हेच शब्द ताईने कितीतरी जणींना ऐकवले होते. आज कळलं, त्या शब्दांनी कुणाला काडीचा धीर येत नसणार.

घरी आल्या आल्या तिने चिमणीचं दार ढकललं. पोरगी पलंगावर भिंतीला पाठ लावून बसली होती. चप्पलही न काढता ताई तिच्याजवळ टेकली.

"तुझ्या आजीला अर्धशिशी नव्हती गं," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं: आजीचा आजार, ते आवाज, लॅबमधली थाप, सापडलेला बिघाड. बोलताना लेकीच्या तोंडाकडे बघायची तिला हिंमत होईना. आता ही रडणार, नाहीतर अंगावर धावून येणार, असं तिला वाटलं.

चिमणी रडली नाही. तिने आईचा हात घट्ट धरला.

"मग मला आधी का नाही सांगितलंस, आई?" ती म्हणाली. "मला वाटायचं, हे फक्त मलाच ऐकू येतं."