इसार दिलेलं नाव

धुळ्याच्या गुरांच्या बाजारात हिलाल नाना दलालाबद्दल असं सांगतात, की त्यानं एकदा तीन पायांची म्हैस, 'हिला तीनच पाय आहेत' असं आधी सांगून, चार पायांच्या भावात विकली. हे खोटं आहे. पाय चारही होते, एक जरा आखूड होता एवढंच. पण 'आधी सांगून' हे मात्र खरं.

खोड सांगितल्याशिवाय इसार घ्यायचा नाही, हा नानाचा बापापासूनचा रिवाज. टॉवेलखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि घेणाऱ्यानं इसाराची नोट पुढे केली की तिला हात लावण्याआधी सांगून टाकायचं, बैल मारका आहे, गाय लाथ मारते, म्हशीला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. एकदा इसार घेतला की जनावर घेणाऱ्याचं. ते विकणाऱ्याच्या दावणीला आठ दिवस उभं असलं तरी त्याचा चारा घेणाऱ्याचाच. मधल्या काळात विकणाऱ्यानं दया येऊन एक पेंढी जरी टाकली, तरी बाजार म्हणणार, ह्याला सौदा फिरवायचाय. नानानं चाळीस वर्षांत एक काडी टाकली नव्हती. एका म्हशीनं त्याच्याकडे तीन दिवस असं काही बघितलं होतं, की तो पाठ करून जेवायचा.

असा माणूस नव्व्याण्णव साली, एप्रिलच्या उन्हात, इंटरनेटवरचं एक नाव विकायला बसला.

नाव होतं कपाशी डॉट कॉम. ते घेतलं होतं त्याच्या मुलानं, लीलाधरनं. लीलाधर मुंबईला एका हापिसात कॉम्प्युटरवर होता. दोन वर्षांपूर्वी मालकाच्या कार्डावर सत्तर डॉलर भरून त्यानं ते नाव घेतलं आणि सुट्टीला घरी आल्यावर कागद बापापुढे ठेवला.

"नाव लिधं म्हणजे काय लिधं रे?" नानानं विचारलं. "म्हशीनं नाव का?"

"नाना, अमेरिकामा एक वही शे. तिनामा ते आपला नाववर लिखेल शे."

"दोर कोठे शे त्याले?"

"दोर नही."

"मंग पळी जाई."

लीलाधर हसला होता. म्हणाला होता, दोन वर्षांनी परत पैसे भरायचे, म्हणजे पळत नाही. आणि एक दिवस कपाशीवाला कोणी मोठा माणूस हे नाव मागत आपल्या दारात येईल. माणूस आला, पण लीलाधर राहिला नव्हता. डिसेंबरात, मुंबईहून येताना, राहुड घाटात त्याची जीप ट्रकखाली गेली.

मागे त्याची बायको सुनंदा राहिली, आणि तीन वर्षांची मुलगी. सुनंदा असोद्याची, बारावी झालेली. तिचा भाऊ भटू महिन्याआड येऊन म्हणायचा, बहिणीला घेऊन जातो, केळीच्या मळ्यात हात कमीच पडतात. सुनंदाला मळा नको होता. तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. एका संस्थेत जागा होती, साठ हजार डोनेशनची, जुलैच्या पंधरा तारखेपर्यंत. जागा मिळाली तर ती धुळ्यात राहणार, नातही राहणार. नाही तर दोघी असोद्याला. नानाच्या घरात मग एक चूल आणि एक नाना. ती चूल पेटवता येत नाही, हे त्याला बायको गेली तेव्हाच कळलं होतं.

आणि अशात मुंबईच्या बियाणे कंपनीचा वर्तक नावाचा माणूस टॅक्सी करून आला. अमेरिकेच्या वहीत धुळ्याचा पत्ता होता, त्यावरून.

"लीलाधर पाटील आहेत का?"

"मुलगा माझा. सौदा मी करतो," नाना म्हणाला. हेही खोटं नव्हतं.

वर्तक म्हणाला, कंपनी पाच हजार द्यायला तयार आहे. नानानं चहा सांगितला. बैलाचा भाव दात बघून, खूर बघून, वशिंडावर हात फिरवून करता येतो. नावाला दात नाहीत. मग भाव कशावर करायचा? नानानं रात्रभर विचार केला असं नाही, चहा येईपर्यंत केला. घेणारा किती लांबून आला, त्यावर करायचा. पाच हजाराच्या वस्तूसाठी माणूस पोस्टकार्ड टाकतो. हा सव्वातीनशे किलोमीटर टॅक्सीनं आला होता, मे महिना तोंडावर असताना, गळ्यात टाय बांधून.

"साहेब, तोंडानं भाव बोलायची आमच्यात पद्धत नाही," नाना म्हणाला आणि खांद्यावरचा टॉवेल त्यानं वर्तकच्या हातावर टाकला. "एक बोट म्हणजे दहा हजार. अर्धं बोट म्हणजे पाच. आता बोला."

वर्तक आधी लाजला. पोरीला पुढ्यात घेऊन बसलेली सुनंदा आत गेली, तेव्हा त्यानं टॉवेलखाली हात सरकवला. हात घामानं ओला होता. नानाला तेवढं पुरे होतं. ओला हात कधी मोकळा परत जात नाही. वर्तकनं एक बोट दाबलं. नानानं त्याची चारही बोटं धरली, सोडली, परत चार धरली. वर्तक म्हणाला, "हे काय भलतंच." नाना म्हणाला, "तोंडानं नको, साहेब." दोन झाली, तीन झाली. वर्तक दोनदा उठला आणि दोन्ही वेळा टॉवेलसकट खाली बसला. चहा तीनदा झाला. शेवटी साडेसहा बोटांवर हात थांबले.

पासष्ट हजार. डोनेशन भागून वर पाच हजार वह्या-पुस्तकांना. आतल्या दारात सुनंदा उभी होती. नानानं तिच्याकडे बघून टॉवेल झटकला, तेव्हा तिला कळलं.

वर्तकनं एक हजार एक रुपये पुढे केले. बाकीचे, म्हणाला, महिन्याभरात, कागद झाले की.

नोटेला हात लावण्याआधी नाना थांबला. सुनंदानं नंतर सांगितलं, की तिला त्या क्षणी आतून ओरडावंसं वाटलं होतं. पण सासऱ्याच्या सौद्यात सून बोलत नाही.

"साहेब, खोड सांगतो. लीलाधर वारला. डिसेंबरात. अमेरिकेची पत्रं त्याच्या हापिसातल्या कॉम्प्युटरवर यायची, ते हापिसानं बंद केलं. वीस मेला मुदत संपते. पैसे भरले नाहीत तर नाव सुटतं, मग कोणीही धरावं. चारा वेळेवर टाकायला पाहिजे."

वर्तकनं नोटांचा हात जरा मागे घेतला. मग म्हणाला, "वाईट झालं, नाना. तरुण असतील."

"सत्तावीस."

"आणि हे पैसे कोण भरतं आता?"

"इसार घेतल्यावर चारा घेणाऱ्याचा. रिवाज आहे."

"बरं," वर्तक म्हणाला. "रिवाजच आहे तर."

त्यानं नोटा नानाच्या हातात ठेवल्या आणि वाकून नमस्कारही केला.

मेच्या पहिल्या आठवड्यात जळगावचा जीवराम शेठ आला. त्याची जिनिंग होती, आणि पोरानं डोक्यात भरवलं होतं की आता कापूस इंटरनेटवर विकणार. जीवरामनं टॉवेल वगैरे मागितला नाही. सरळ म्हणाला, "नाना, दीड लाख."

"इसार झालाय, शेठ."

"किती?"

"एक हजार एक."

"अरे, मग त्याच्या तोंडावर दोन हजार मार."

"बैल असता तर तुम्ही मला असं सांगितलं असतं का?"

"बैल असता तर मी दीड लाख दिले असते का?" जीवराम म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

त्या संध्याकाळी सुनंदानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "नाना, दीड लाख देत व्हता तो. मंग आपन काहून थांबलो?"

"शब्द गयेल शे, बेटा."

"कागद तर नाही ना झाला."

नानानं भाकरी मोडली. उत्तर दिलं असतं तर ते चाळीस वर्षांचं झालं असतं, आणि तेवढी भाकरी ताटात नव्हती.

छगन लीलाधरचा दोस्त. त्याचं एस.टी.डी.चं बूथ होतं आणि मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर, जो एक पान दाखवायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात गिऱ्हाईक दाढी करून यायचं. अठरा मेला छगन घरी आला.

"नाना, पैसे अजून भरले नाहीत मुंबईवाल्यानं. मी बघितलं. दोन दिवस राहिले. माझ्या मावसभावाचं कार्ड आहे, आपण भरून टाकू. अडीच-तीन हजाराची गोष्ट."

"ते आते दुसरानं जनावर शे, छगन."

"मरेल ना पण ते."

"मी चारा टाकला, तर वर्तक म्हणेल हिलालला सौदा फिरवायचाय. आणि खरंच म्हणेल. जीवराम शेठ येऊन गेलाय, ते बाजाराला माहीत आहे."

"नाना, वर्तकला बाजारातलं काय कळतं?"

"मले कळस," नाना म्हणाला.

वीस मे गेली. छगनच्या बूथवरून नानानं मुंबईला फोन लावला. वर्तक म्हणाला, वकील कागद बघताहेत. जूनमध्ये म्हणाला, मृत्यूचा दाखला लागेल. नानानं दाखला रजिस्टर पोस्टानं पाठवला. चार दिवसांनी म्हणाला, दाखल्याचं इंग्रजी करून पाठवा. नानानं कोर्टातल्या टायपिस्टकडून ते केलं. त्यात लीलाधरचं वय बहात्तर पडलं, म्हणून परत केलं. जुलै लागला. सुनंदानं संस्थेचा फॉर्म भरून ठेवला होता, फोटो चिकटवून, सही करून. पावतीची जागा तेवढी रिकामी.

जुलैच्या नऊ तारखेला छगननं नानाला बोलावून कॉम्प्युटरपुढे बसवलं. नानाला इंग्रजी येत नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर जिथे 'लीलाधर हिलाल पाटील' होतं, तिथे आता लांबलचक दुसरंच काही होतं, एवढं त्याला दिसलं.

"मुदत संपल्यावर वहीवाले चाळीस दिवस थांबले. आठ दिवसांपूर्वी नाव सुटलं," छगन म्हणाला. "त्याच दिवशी मुंबईवाल्यांनी धरलं. सत्तर डॉलरात."

नानानं स्वतः नंबर फिरवला. वर्तक फोनवर आला. आवाज नरम होता.

"नाना, माझ्या हातात काही नव्हतं. वरून सांगितलं, थांबा. तुम्हीच मुदत सांगितलीत. मी रिपोर्टात लिहिलं, एवढंच."

"चारा तुमचा होता, साहेब."

"जनावर मेलं, नाना. मेलेल्या जनावराचा सौदा राहतो का? आणि इसार तुमच्याकडेच ठेवा. आम्ही परत मागणार नाही."

घेणारा फिरला की इसार विकणाऱ्याचा, हाही रिवाजच. वर्तकनं बाजारातला एकही नियम मोडला नव्हता. छगनच्या भिंतीवरचं मीटर लाल आकडे पळवत होतं. नानानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो एस.टी.नं जळगावला गेला, जीवराम शेठकडे. जीवरामनं पाणी दिलं, चहा दिला, आणि विकायला काय आणलंय म्हणून विचारलं. नाना म्हणाला, काही नाही, मेहरूणला एकाकडे आलो होतो.

पंधरा तारीख गेली. सतराला भटू आला. दोन पेट्या, एक शिलाई मशीन, पोरीची लाकडी गाडी. धुळे स्टँडवर जळगाव गाडी लागलेली होती. भटू टपावर सामान चढवत होता आणि कंडक्टरशी मशीनच्या भाड्यावरून भांडत होता. नानानं एक हजार एक रुपये कागदात गुंडाळून सुनंदाच्या हातात दिले. तिनं ते खिडकीतून परत त्याच्या हातात ठेवले.

"तुमच्या हक्काचे हाये ते."

नात आईच्या मांडीवर झोपली होती. खिडकीच्या गजावर नानानं हात ठेवला. त्याला वाटलं, ही आता बोलेल. जे बोलायचं ते सगळं बोलेल, आणि तसं झालं तर बरं होईल.

"लग्न ठरलं तवा यांनी मले सांगितलं व्हतं," सुनंदा म्हणाली, "आख्ख्या बाजारात माझा बाप एकटाच खोड सांगून विकतो म्हने. मले लई चांगलं वाटलं व्हतं तवा."

भटू आत येऊन बसला. कंडक्टरनं घंटी मारली. नाना गजावरचा हात न काढता चार पावलं गाडीबरोबर चालला, मग गाडी त्याच्यापेक्षा जोरात गेली.