सत्यवतीबाईंच्या वाट्याची मेमरी

१९८४ सालच्या मे महिन्यात शामला एक फाइल ठेवायला कचेरीचे प्रमुख मधुकररावांच्या केबिनमध्ये गेली, तेव्हा टेबलावरचा कागद तिला आपसूक दिसला. सत्यवतीबाईंच्या बदलीचा कागद. ‘काम अतिशय संथ. टपाल विभागात पाठवावे.’ खाली सही तेवढी व्हायची होती.

नागपूरच्या त्या सरकारी कचेरीतला मोठा संगणक शामला सांभाळायची. सत्यवतीबाई उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या. नवरा गेल्यावर सेहेचाळिसाव्या वर्षी टायपिंग शिकल्या आणि रोज एसटीने ये-जा करून खाणकामगारांच्या छातीच्या तपासणीचे अहवाल टर्मिनलवर भरू लागल्या. पहिल्या वर्षी त्यांचा हात मागावरच्या धोट्यासारखा सरसर चालायचा. मग आताच काय झालं?

शामला त्यांच्याशेजारी जाऊन बसली. बाईंनी एक नाव टाइप केलं. पडदा कोराच. हात मांडीवर ठेवून त्या निमूट वाट पाहत राहिल्या. बऱ्याच वेळाने सगळी अक्षरं एकदम येऊन पडली.

“काकू, कधीपासून होऊन राहिलं असं?”

“संक्रांतीपासून असन. मले वाटलं, बोटंच म्हातारी झाली माही.”

“मग मले सांगितलं काहून नाही?”

“काय सांगू वं? बाकीच्यांचं काम तं बरोबर होते याच मशीनवर. म्हणजे खोट माह्यातच असन ना.”

शामला यंत्राच्या खोलीत गेली. तिथे यंत्र एकच होतं, पण प्रत्येक विभागाला आपलं स्वतंत्र यंत्र असल्यासारखं वाटावं, अशी त्याची रचना होती. खरी मेमरी मात्र थोडी. ती कुणाला किती द्यायची, कुणाची पानं, म्हणजे कामाचे तुकडे, मेमरीत कायम राखून ठेवायची आणि कुणाची गरजेप्रमाणे संथ डिस्कवर ढकलायची, हे शामलाच ठरवायची. तिने नोंदवही उघडली. जानेवारीचं पान, अक्षर तिचंच. नियोजन विभागासाठी अर्ध्याहून जास्त मेमरी राखीव. त्यांचं सर्वेक्षण तर मार्चमध्येच संपलं होतं! बाकी विभागांच्या रात्री चालणाऱ्या मोठ्या कामांना थोडा उशीर झालेला कुणाला जाणवत नव्हता. आणि सगळ्यात खाली सत्यवतीबाईंचं यंत्र : ‘राखीव काही नाही. फक्त टायपिंग.’

म्हणजे बाईंनी कळ दाबली की त्यांचं पान डिस्कवरून शोधून आणायचं, आणि पुढच्या कळेपर्यंत ते परत बाहेर. शामलाचे कान तापले. ते ‘फक्त’ तिला पुन्हा वाचवेना.

ती तडक मधुकररावांकडे गेली.

“म्हणजे चूक मशीनची?” सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

“नाही साहेब. माझी.”

“मला हे तुमच्या फाइलीत लावावं लागेल.”

“लावा साहेब. पण त्या कागदावर सही करू नका.”

मधुकररावांनी पेनाला टोपण लावलं. “आधी दुरुस्त करून दाखवा.”

जेवणाच्या सुट्टीत टर्मिनलं बंद असताना शामलाने नियोजनाची राखीव मेमरी सोडवली, सत्यवतीबाईंसाठी पुरेशी पानं कायमची राखून ठेवली आणि उरलेली सगळ्यांसाठी मोकळी केली. काम दहा मिनिटांचं. चार महिने कुणी केलं नव्हतं.

सुट्टी संपली. बाईंनी नाव टाइप केलं आणि सवयीने हात मांडीवर घेतले. अक्षरं केव्हाच येऊन उभी होती.

“वं शामला, हे तं...”

“काकू, तुमची बोटं म्हातारी नाही झाली. मीच तुमच्या वाट्याले काही ठेवलं नव्हतं.”

सत्यवतीबाईंनी दोन्ही हात समोर धरले. तळहात उलटेसुलटे करून पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “रोज झोपाच्या आधी तेल लावून चोळून राहिली होती मी यांले. चार महिने.”

शामलाला हुंदका आवरला नाही. बाईंनी तिला जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला.

“पुरे आता. तेल काही वाया नाही गेलं. पाहाय, किती मऊ झाले हात!”

बाई पुन्हा कामाला लागल्या. मधुकरराव केव्हा मागे येऊन उभे राहिले, दोघींनाही कळलं नाही. बाईंनी सपाट्याने सहा अहवाल भरलेले त्यांनी पाहिले. ते केबिनमध्ये गेले आणि बदलीचा कागद फाडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

संध्याकाळी टर्मिनलवर कापड झाकून सत्यवतीबाई यंत्राच्या खोलीच्या दाराशी आल्या.

“ते वाटप कसं करतेत, मले दाखवशील? उमरेडची दुसरी गाडी साडेसहाले आहे.”

शामलाने आपल्या शेजारी खुर्ची ओढली.