पट्टीखालचा पापुद्रा

ओडील रोशाचं वय चौपन्न. जू नावाच्या डोंगराळ खोऱ्यात, मेलां या मालकांच्या घड्याळांच्या कारखान्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. घड्याळातली चाकं वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या कडा घासून आरशासारख्या करण्यात तिचा हात धरणारं खोऱ्यात कुणी नव्हतं. तरी लोझानच्या एका सर्जनबाईंनी निवृत्तीनिमित्त स्वतःसाठी खास घड्याळ करायला टाकलं, तेव्हा मालकांनी त्याचं काळीज, म्हणजे मागेपुढे झुलत टिकटिक करणारं बॅलन्सचं चाक आणि त्याची केसाएवढी बारीक स्प्रिंग, सोपवलं सोलांजला. ती एकोणतीस वर्षांची. येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. ओडीलच्या वाट्याला नेहमीचं घासकाम आलं.

तेव्हापासून ओडीलचा एक डोळा शेजारच्या टेबलावर असे. सोलांज हसली की आपल्यालाच हसली असं वाटे. मालक स्टूल ओढून तिच्याजवळ तासतास बसत. ओडीलजवळ ते असे कधीच बसले नव्हते. तुला काय सांगायचं, तुला येतंच, म्हणून पुढे जायचे.

मार्चमध्ये घड्याळ चालू झालं. आडवं ठेवलं की अचूक, उभं धरलं की दिवसाला अकरा सेकंद मागे. सोलांजने स्प्रिंग दोनदा बदलली, फरक पडेना. त्या आठवड्यात ओडीलला जेवण गोड लागलं.

मग एका सोमवारी घड्याळ एकाएकी सुधारलं. कसं, ते सोलांज सांगेना. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ओडीलने चाकावरची पट्टी उघडली. पट्टीखाली, एका बाजूला, पितळेचा पापुद्रा सरकवलेला होता. डगमगत्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घालावी तसा.

अशा घड्याळात ठिगळ! ओडीलला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मालक जेवून परतताच ती पट्टी आणि पापुद्रा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

“बघा तुमच्या लाडकीचं काम.”

मालकांनी डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं, मापं घेतली. मग हळूच विचारलं, “ओडील, या पट्टीची बैठक कुणी घासली?”

ती घासली होती तिनेच. बैठक, म्हणजे पट्टीचा खाली टेकणारा भाग, एका बाजूने जास्त घासली गेली होती, म्हणून पट्टी कलली आणि चाकही. वर्षभर उजव्या डोळ्याला धूसर दिसत होतं. तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

सोलांज आली. उघडी पट्टी पाहून तिला सगळं कळलं. मालक रागावले ते सोलांजवरच. दोष दिसला तर झाकायचा नसतो, सांगायचा असतो, म्हणाले.

ते गेल्यावर ओडीलने विचारलं, “सांगितलं का नाहीस? माझी चांगली जिरली असती.”

“बाई, तुमचं काम बघून मी या धंद्यात आले. म्हटलं, एकदा चुकलं तर चुकलं.”

टोमणा असता तर ओडीलने परतवला असता. ही माया जास्त झोंबली.

नवी पट्टी करायला तिला नऊ दिवस लागले. डाव्या डोळ्याला भिंग लावून तिने जेन्शियन या डोंगरी रोपाच्या वाळक्या काडीने कडा उजळल्या. बैठक मात्र सोलांजकडून तपासून घेतली. त्यासाठी शेजारच्या टेबलापर्यंतची दोन पावलं फार जड गेली.

एप्रिलअखेर सर्जनबाई घड्याळ न्यायला आल्या. मागच्या काचेतून पट्टीच्या कडा पाहून किती सुंदर म्हणाल्या. सोलांजने लगेच ओडीलकडे बोट दाखवलं. मग बाईंनी घड्याळ कानाशी नेलं आणि डोळे मिटून टिकटिक ऐकत राहिल्या.

ती टिकटिक चाकाची, म्हणजे सोलांजची होती. ओडील हसली, हात धुवायला म्हणून आत गेली आणि नळ उगाच बराच वेळ चालू ठेवला.